‘लाईकली’ म्हणजे ‘आवडेल’ नाही हो! या चुका टाळा

चिपळूणला संध्याकाळची स्पोकन इंग्लिशची बॅच घेते मी, अकरावं वर्ष चालू आहे, आणि टेन्स, आर्टिकल, प्रीपोझिशन या तिघांनी मिळून जेवढं डोकं खाल्लं नसेल तेवढं एकट्या ‘लाईकली’ने खाल्लंय माझं. शब्द एवढासा. दिसायला ओळखीचा. आणि तिथेच घात होतो, कारण शब्द ओळखीचा वाटला की डिक्शनरी उघडतंय कोण? परवा पुन्हा एका वहीत “आय ॲम लाईकली टु ईट मँगो” दिसलं, लाल पेनने गोल केला, आणि म्हटलं बास, आता एकदा बसून सगळं लिहूनच काढते, पुढच्या बॅचला पहिल्याच दिवशी हे वाचायला देईन आणि मोकळी होईन.

आधीच सांगते, “मॅडम एका वाक्यात सांगा ना” म्हणणाऱ्यांसाठी हे नाही. एका वाक्यात सांगणारे रील्सवर ढिगाने आहेत. “लाईकली म्हणजे शक्यता, सेव्ह करून ठेवा.” ठेवा सेव्ह. मग माझ्याकडे या.

‘लाईक’ आहे म्हणजे आवडणारच

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा वेळ घालवणार आहे.

आमच्या बॅचमधला एक मुलगा, डिप्लोमा मेकॅनिकल, खेर्डीच्या एमआयडीसीत दोन वर्षं काढलेली, त्याला चाकणला नोकरी लागली. ऑफर लेटर आलं, पगार बरा, घरी पेढे वाटून झाले. एचआरचा मेल आला की सोमवारी जॉइन होताय ना, कन्फर्म करा. आता हा पठ्ठ्या मला एक फोन करू शकला असता, पण नाही, रात्री साडेअकराला बसून स्वतःच उत्तर लिहिलं. “आय ॲम लाईकली टु जॉइन युअर कंपनी ऑन मंडे.” त्याला म्हणायचं होतं की तुमच्याकडे यायला मला फार आवडेल. “आय वुड लाईक टु” त्याला येत होतं, मीच शिकवलेलं, पण ते त्याला फार साधं वाटलं, लाईकली जरा वजनदार वाटलं. वजनदार होतंच, फक्त वजन भलत्या बाजूला होतं. समोरच्याने वाचलं की “मी सोमवारी येईन बहुतेक”.

सकाळी उलट मेल, संध्याकाळी पाचपर्यंत अंतिम निर्णय कळवा. याला कळेना आपलं काय चुकलं, वाटलं उत्साह कमी पडला. म्हणून परत लिहिलं, “येस सर, आय ॲम व्हेरी व्हेरी लाईकली.” मग थेट फोनच आला त्याला, दुसरी ऑफर आहे का हातात, असेल तर स्पष्ट सांगा, आमची वेटिंग लिस्ट आहे. तो मुलगा साडेचारला माझ्या दारात उभा, हातात मोबाईल, चेहरा पांढराफटक. मी पाच शब्द सांगितले, “आय विल जॉइन ऑन मंडे”. नोकरी वाचली. पण त्याच्या आईने दोन दिवस मला जे ऐकवलं की तुम्ही शिकवता तरी काय, ते मी विसरलेली नाही.

तर ऐका. लाईकलीमध्ये कोणाच्या आवडीनिवडीचा काही संबंध नाही. यातलं ‘लाईक’ हे ‘सारखं’ या अर्थाचं. “इट लुक्स लाईक रेन” म्हणतात ना, त्यातलं. आपण मराठीत म्हणतोच की “पाऊस येणारसं दिसतंय”, “तो काही यायचा नाहीसं वाटतं”. ते ‘सं’ आहे ना शेवटचं, लाईकलीचा जीव तेवढ्यात आहे. तसं दिसतंय, तशी लक्षणं आहेत. गंमत म्हणजे हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला, आणि मुळात ‘लिक’ म्हणजे शरीर, रूप. शेवटचं ‘ली’सुद्धा त्याच मुळातलं, म्हणजे एकच शब्द दोनदा चिकटवलाय. आणि आवडण्याचा लाईकही मागे जाऊन त्याच मुळाला मिळतो, पण भावकी जुनी आहे, वाटण्या होऊन हजार वर्षं झाली, आता एकमेकांच्या घरात जायचं काम नाही.

माझी युक्ती साधी आहे. लाईकली लिहिलंत की माणसाच्या जागी छप्पर घालून बघा. “द रूफ इज लाईकली टु लीक.” छपराला गळायला आवडतं का? नाही ना? मग तुम्हाला आंबा खायला आवडतो हे त्या शब्दाने कसं सांगाल? “आय ॲम लाईकली टु ईट मँगो” म्हणजे “माझ्याकडून आंबा खाल्ला जाईल असं दिसतंय”, जसं काही तुम्ही स्वतःवर दुर्बीण लावून बसलाय.

मधलं ‘इज’ गिळू नका

“ही लाईकली टु कम.” “शी लाईकली to गो” असं एकाने अर्धं इकडचं अर्धं तिकडचं लिहून दिलेलं, ते सोडा. पण ‘इज’ गिळणं हे सार्वत्रिक आहे, आणि याचा दोष निम्मा पेपरवाल्यांचा. हेडिंगमध्ये जागा वाचवायला ते ‘इज’ काढतात, “रिझल्ट लाईकली टुमॉरो”, आणि आमची मुलं तेच व्याकरण समजून उचलतात. अहो मराठीत बघा की, “तो येण्याची शक्यता *आहे*”. तो ‘आहे’ कुठे गेला? तोच तुमचा ‘इज’. लाईकलीच्या शेपटीला ‘ली’ असलं तरी तो बहुतेक वेळा विशेषणासारखा चालतो, फ्रेंडली, लोन्ली, कॉस्टली यांच्या पंगतीतला. “ही फ्रेंडली” म्हणून थांबता का? मग इथे का थांबता?

इज-लाईकली-टु हे तिन्ही एका दमात म्हणायचं, रेल्वेच्या डब्यांसारखं जोडून. मी तर वर्गात टेबलावर हात आपटून म्हणून घेते. शेजारच्या टेलरने एकदा तक्रार केली होती.

त्या हेडिंगवरून आठवलं, मे महिना उजाडला की दहावीच्या निकालाचे ‘लाईकली’ सुरू होतात, आणि पालक ती तारीख पक्की समजून सायबर कॅफेत जाऊन बसतात. ‘लाईकली’ छापणाऱ्याने हात झटकायची सोय करून ठेवलेली असते, आपण वाचताना तेवढाच शब्द गाळतो.

‘शक्यता’ नावाचं गोणपाट

ही दुसरी मोठी. आणि ही नवशिक्यांची चूक नाही, चांगले शिकलेले करतात.

आपण मराठीत पॉसिबल, प्रॉबेबल, लाईकली, चान्स, मे, माइट, सगळं एकाच गोणपाटात कोंबतो, वर लेबल ‘शक्यता’. शंभरात दोन असलं तरी शक्यता, शंभरात नव्वद असलं तरी शक्यता. बोलताना चालून जातं कारण आवाजावरून कळतं. कागदावर आवाज नसतो.

आमच्या शेजारच्या काकू. छातीत गाठ लागली, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट आला. मुलगा ठाण्याला, त्याला फोटो पाठवला. त्याने घाईत तो मजकूर ट्रान्सलेटच्या ॲपमध्ये टाकला, ओळ होती “लाईकली बिनाइन”, पुढे कॅटेगरी ३. ॲपने दिलं, “सौम्य असण्याची शक्यता”. आता ‘बिनाइन’ म्हणजे कॅन्सर नसलेली, साधी गाठ, पण आपल्याकडे ‘सौम्य’ म्हटल्यावर माणूस विचारतो सौम्य काय? ताप सौम्य, भूकंप सौम्य. घरातल्यांनी मिळून वाक्य पुरं केलं, सौम्य *कॅन्सर* असण्याची *शक्यता*. झालं. रात्रभर त्या घरात दिवा चालू. काका ओटीवर येरझाऱ्या घालतायत, काकू देवासमोर, सून रडतेय. सकाळी सहाला काकू तो कागद पदराखाली घेऊन माझ्याकडे आल्या, म्हणाल्या तुला इंग्रजी येतं ना गं, बघ जरा यात किती दिवस लिहिलेत.

किती दिवस लिहिलेत!

मी काही डॉक्टर नाही, पण वाक्य मला वाचता येतं. म्हटलं काकू, यात लिहिलंय “बहुतेक साधीच गाठ आहे”. त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यांनी समजावलं की हा आकडा एका ठरलेल्या पद्धतीतला असतो, ३ म्हणजे साधी असणार असंच धरतात, कॅन्सर निघायचं प्रमाण शंभरात दोनच्या वर नाही, सहा महिन्यांनी परत एकदा बघायचं एवढंच. काकूंची ती सहा महिन्यांची तपासणीही झाली, ठणठणीत आहेत, काल फणसाची भाजी पाठवली होती.

आता बघा, ॲपने चूक केली का? शब्दाला शब्द ठेवला तर नाही. लाईकली ला शक्यता, बिनाइन ला सौम्य. पण ‘साधी असण्याची शक्यता’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच ‘म्हणजे नसण्याचीही’ उभं राहतं, आणि ‘बहुतेक साधीच आहे’ म्हटलं की माणूस श्वास सोडतो. कागद तोच. उलटंही होतं बरं, आणि ते जास्त वाईट. ‘लाईकली मॅलिग्नंट’, म्हणजे बहुतेक कॅन्सरच, असं लिहिलेलं असतं आणि घरचे म्हणतात शक्यताच म्हणालेत ना, बघू गणपतीनंतर. तिथे शक्यता हा शब्द सरळ फसवतो.

म्हणून माझा नियम, पुस्तकी नाही, माझा स्वतःचा. लाईकली दिसलं की मराठीत आधी ‘बहुतेक’ किंवा ‘बहुधा’ घालून वाक्य म्हणायचं. ‘कदाचित’ कधीच नाही, ते पर्हॅप्स ला राखून ठेवा. ‘शक्यता’ वापरायचीच असेल तर तिला एकटी सोडायची नाही, दाट शक्यता, बरीच शक्यता, असं कोणीतरी सोबत द्या.

आणि हे फक्त आपलंच होतं असंही नाही. अमेरिकेत सीआयएमध्ये शर्मन केंट म्हणून होते, अहवाल लिहिणाऱ्यांचे प्रमुख म्हणा. १९५१ साली त्यांच्या ऑफिसने लिहिलं की युगोस्लाव्हियावर हल्ला होणं ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ समजावी. नंतर एकाने विचारलं, म्हणजे नक्की किती हो? केंटच्या मनात शंभरात पासष्ट होते, विचारणाऱ्याने बरेच कमी धरलेले. मग केंटने आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, ज्यांनी ते वाक्य एकमताने पास केलं होतं, तर कोणी वीस धरलेले, कोणी ऐंशी! सगळे इंग्रजी बोलत जन्मलेले. त्यामुळे आपल्या काकूंना हसू नका.

‘व्हेरी’ पावसाला चिकटवू नका

चिपळूणची आहे, पावसाबद्दल बोलणारच. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी घरात आली तेव्हापासून इथे ज्याला त्याला हवामान खात्याचं बुलेटिन पाठ असतं. मुलं मोबाईलवर बघून येतात आणि मला वाचून दाखवतात, “हेवी रेनफॉल व्हेरी लाईकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर कोकण अँड गोवा”. विचारलं अर्थ काय, तर दहातले आठ सांगतात खूप जोरात पाऊस पडणार. नाही! ‘व्हेरी’ पावसाला लागलेलं नाही, ‘लाईकली’ला लागलंय. पाऊस हेवीच, म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर. तो ‘व्हेरी हेवी’ असता तर ११५.६ च्या पुढे, २०४.४ पर्यंत. इथे फक्त पडेल याची खात्री वाढलीय, पावसाचा जोर नाही. आणि ‘आयसोलेटेड प्लेसेस’ म्हणजे तुरळक ठिकाणी, पाऊस मोजायची जी केंद्रं आहेत त्यातल्या पाव भागापेक्षा जास्त नाहीत. तीन वेगळ्या गोष्टी एका ओळीत आहेत, किती पडेल, पडेल का, आणि किती ठिकाणी. आपण तिन्हीची मिसळ करतो आणि मग “हवामान खातं चुकलं” म्हणून मोकळे होतो.

आता यातली खरी मेख. हवामान खात्याच्या त्याच बुलेटिनमध्ये शेवटी एक छोटा तक्ता असतो, कोणी तिथपर्यंत जात नाही. त्यात अनलाईकली म्हणजे २५ टक्क्यांच्या आत, लाईकली म्हणजे २५ ते ५०, व्हेरी लाईकली ५० ते ७५, आणि मोस्ट लाईकली ७५ च्या वर. म्हणजे आपल्या खात्याचं साधं ‘लाईकली’ निम्म्याच्याही खाली आहे! तेच हवामानबदलावर जगभरचे शास्त्रज्ञ जे अहवाल लिहितात, आयपीसीसीचे, त्यात लाईकली म्हणजे किमान ६६ टक्के, व्हेरी लाईकली किमान ९०. अमेरिकेच्या हवामान खात्यात पावसाला लाईकली म्हणतात ते ६० ते ७० टक्क्यांना. एकच शब्द, तीन ऑफिसं, तीन मापं. वर मी ‘बहुतेक’ घाला म्हटलं ते रोजच्या इंग्रजीसाठी. जिथे असा तक्ता दिलेला असतो तिथे तक्ता बघायचा, माझं ऐकायचं नाही.

मी जूनमध्ये बॅचला रोज एक ओळ वहीत उतरवून आणायला लावते, खाली मराठीत अर्थ, आणि दुसऱ्या दिवशी खरंच काय झालं ते. कंटाळतात. पहिल्या आठवड्यात निम्मे कॉपी मारतात, मागच्या वर्षी तर तिघांनी रत्नागिरीच्या जागी रायगडचं उतरवून आणलं. पण महिनाभर जो करतो त्याला लाईकली परत शिकवावं लागत नाही.

बहुतेकची गंमत

वर मी ‘बहुतेक’ घाला म्हटलं खरं, पण त्याचाही एक खड्डा आहे. “बहुतेक मुलं आली” आणि “मुलं बहुतेक आली”. पहिल्यात मोजणी झालेली आहे, शंभरातली ऐंशी आली. दुसऱ्यात कोणी मोजलेलंच नाही, दारात चपला दिसतायत म्हणून अंदाज. इंग्रजीत पहिल्याला ‘मोस्ट’, दुसऱ्याला ‘लाईकली’ किंवा ‘प्रॉबेबली’. पण मुलं काय करतात, डोक्यात बहुतेक आला की हाताला लागेल ते लावतात, “मोस्ट ऑफ द टाइम माय फादर इज ॲट होम नाऊ”. बाबा आत्ता घरी असतील बहुतेक, असं म्हणायचं होतं बिचारीला. मराठीत बहुतेक कोणाच्या शेजारी बसलाय ते बघा, माणसांच्या की क्रियापदाच्या. तेवढंच.

“शक्यता नाही” चा अनुवाद

“तो येण्याची शक्यता नाही.” आपण हे अगदी सहज म्हणतो, मनात असतं की नाही यायचा बहुधा. त्याचं इंग्रजी मुलं करतात “इट इज नॉट पॉसिबल फॉर हिम टु कम”. म्हणजे त्याला येणं अशक्य आहे, पाय मोडलाय किंवा पासपोर्ट जप्त झालाय. एकीने ऑफिसात साहेबांच्या बाबतीत असं सांगितलं आणि मीटिंगच कॅन्सल झाली, साहेब पंधरा मिनिटांत हजर. “ही इज अनलाईकली टु कम” म्हणा. दार थोडं उघडं राहतं. ‘नॉट लाईकली’ पण चालेल, फक्त कोणी काही विचारल्यावर नुसतंच “नॉट लाईकली!” म्हणून उत्तर देऊ नका, ते ब्रिटिश कानाला “छट्, मुळीच नाही” असं लागतं.

तसंच “अ लाईकली स्टोरी”. याचा अर्थ पटण्यासारखी गोष्ट असा नाही, बरोब्बर उलट आहे, “हो का, कोणाला शेंड्या लावतोस?” असा. आमच्या एका मुलीने क्लायंटच्या लांबलचक कारणाखाली मनापासून सहानुभूती म्हणून हे टाइप केलं होतं. पुढचं विचारू नका.

गेला असावा, झालं असेल

मराठीत अंदाजाला वेगळा शब्दच लागत नाही, क्रियापदातच असतो. “तो गेला असावा.” “पोचली असेल ती एव्हाना.” यात शक्यता, बहुतेक, काहीच नाही, तरी अंदाज आहे. इंग्रजीत आणताना मुलं एकतर अंदाज टाकून देतात, “ही वेंट”, म्हणजे साक्षीदारच झाले, नाहीतर “ही मे बी वेंट” करतात. “ही इज लाईकली टु हॅव लेफ्ट” हे बरोबर आहे पण तोंडात बसत नाही, मी स्वतः बोलताना “ही हॅज प्रॉबेबली लेफ्ट” म्हणते आणि तेच शिकवते. लाईकलीवर एवढं लिहितेय म्हणून प्रत्येक ठिकाणी लाईकलीच कोंबा असं माझं म्हणणं नाही. प्रॉबेबली हा गरीब, आज्ञाधारक शब्द आहे, अडला की तो घ्या.

फक्त एक, प्रॉबेबली आणि प्रॉबेबल वेगळे. “ही इज प्रॉबेबल टु कम” असं इंग्रजीत नाही. माणूस लाईकली असू शकतो, प्रॉबेबल नाही.

फुटकळ, पण रोज दिसणाऱ्या

“लाईकली ऑफ कमिंग” नाही, “लाईकली टु कम”.

“मोअर लाईकलिअर” म्हणजे डबल तिकीट. मोअर लाईकली म्हणा नाहीतर लाईकलिअर, दोन्ही चालतात, एकत्र नको.

“चान्सेस आर लाईकली” म्हणजे शक्यतेची शक्यता. काहीतरी एकच ठेवा.

“विल ही लाईकली कम?” असा प्रश्न विचारत नाहीत, “इज ही लाईकली टु कम?” विचारतात.

“मेबी” जोडून लिहिलं तर कदाचित, “मे बी” तोडून लिहिलं तर ‘असू शकेल’. यावर मी आता वाद घालणं सोडलंय.

“ही विल लाईकली कम” बरोबर की चूक यावर मला दर बॅचला कोणीतरी भांडतं. अमेरिकन लोक सर्रास म्हणतात, ब्रिटिश मंडळी आधी व्हेरी किंवा मोस्ट लावल्याशिवाय जरा नाक मुरडायची, आता तेही म्हणायला लागलेत. चूक नाही. पण माझा हात अजून “ही विल मोस्ट लाईकली कम” असंच लिहितो, जुन्या मास्तरांचा मार खाल्लेला हात आहे.

‘लाईकली कॅन्डिडेट’ म्हणजे आवडता उमेदवार नव्हे, ज्याचं व्हायची चिन्हं आहेत असा. आवडता न आवडता पक्ष ठरवतो.

वकिलांनी तर याला हलक्यात घेऊच नये

बॅचमध्ये एलएलबीची एक मुलगी होती, तिनेच मला दाखवलं म्हणून सांगते. जुन्या दंड संहितेचं कलम २९९, सदोष मनुष्यवध, त्यात मृत्यू येणं ‘लाईकली’ आहे अशी इजा करायचा हेतू, असे शब्द आहेत. शेजारच्याच कलम ३०० मध्ये, म्हणजे खुनात, भाषा बदलते, निसर्गक्रमाने मृत्यू यायला पुरेशी अशी इजा. म्हणजे एखादा माणूस खुनी ठरतो की नाही हे बरेचदा लाईकली आणि त्या ‘पुरेशी’ यांच्या मधल्या फटीत ठरतं. १९७६ साली सुप्रीम कोर्टाने एका आंध्रच्या खटल्यात स्पष्ट लिहिलं की इथे लाईकली म्हणजे ‘प्रॉबेबल’, नुसतं पॉसिबल नव्हे. आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, कलमं १०० आणि १०१ झाली, पण तो लाईकली जागेवर आहे. ती मुलगी म्हणाली, मॅडम आमच्या वर्गात अर्ध्या लोकांनी याचं मराठी ‘मृत्यू होऊ शकतो अशी इजा’ केलं. होऊ तर काय, टाचणीनेही शकतो.

वडापाव पद्धत

शेवटी माझी स्वतःची सवय, कुठल्याही पुस्तकात नाही, शोधू नका. लाईकली वापरायचं की मे, की विल, असं अडलं की मी मुलांना पैज लावायला सांगते. समजा आत्ता पैज लागली, बरोबर निघालं तर समोरच्याने मला दहा वडापाव द्यायचे, चुकलं तर मी द्यायचे. पैज घेशील का? जराही विचार न करता हो, तर ‘विल’. थोडं चाचपून पण हो, तर ‘लाईकली’. छे, मी नाही, तर ‘मे’ नाहीतर ‘माइट’. आणि उलट्या बाजूने पैज लावावीशी वाटली तर ‘अनलाईकली’. एवढ्यात काम होतं, टक्केवारी लागत नाही, नियम पाठ करावे लागत नाहीत. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीवाल्यांनी हे अजून चोरलं कसं नाही याचं मला नवल वाटतं, बहुधा त्यांना तिसाव्या दिवसापर्यंत थांबायला वेळ नसावा.

गेल्या आठवड्यात याच पद्धतीने विचारलं, उद्या पाऊस आहे, बॅचला कोण कोण येणार, इंग्रजीत सांगा. सगळ्यांनी एका सुरात “वी विल कम, मॅडम”. म्हटलं, दहा वडापाव लावता? मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, अनलाईकली.”

दुसऱ्या दिवशी चौघं आले.